अंजनाबाईंची रोजची पर्स

"झीज कशी होते ते मले नको शिकवू गा," आनंदराव कवडूला म्हणाले. "सारी जिंदगी त्यातच गेली."

यात फुशारकी होती, पण खोटे काही नव्हते. कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या रबरी पट्ट्यांची देखभाल आनंदरावांकडे होती. पट्टा आधी कुठे मऊ पडतो, कड कधी सुटायला लागते, भेग वरवरची आहे की आतपर्यंत गेली आहे, हे ते नुसता तळवा फिरवून सांगत. तेव्हा एक नवीकोरी लेडीज पर्स आठवडाभरात वर्षानुवर्षे वापरल्यासारखी करून दाखवणे हे त्यांना किरकोळ काम वाटत होते.

पर्स पलंगावर ठेवली होती. तपकिरी, लोण्यासारखे कातडे, पुढे सोनेरी कडी. कडीखाली बनवणाऱ्याचे नाव इतक्या बारीक अक्षरांत उमटवले होते, जणू त्याला ओळख दाखवायची नव्हती. कवडू तिच्याकडे हात मागे बांधून पाहत होता. तो वीज केंद्रातला जुना सहकारी, आता नागपूरच्या मनीषनगरात मागच्याच गल्लीत राहणारा.

"रितिकाले फोटो दाखवला मी," तो म्हणाला. रितिका ही त्याची नात. "थे म्हणे, आजोबा, अशा पर्ससाठी लोक दुकानाबाहेर लाइन लावते. पैसे घेऊन उभे राहते, अन् दुकानदार विचार करून सांगते, देऊ की नाही देऊ."

"पैसे घेऊनही नाही म्हणते?"

"म्हणूनच तं लाइन लागते ना बाप्पा. लगेच दिली असती तं कोण गेलं असतं?" कवडूने मान खाली करून पर्सचा वास घेतला. "अन् तू हिले जुनी करून राहिला. काहून?"

काहून, ते असे होते. दीप्ती ही आनंदरावांची एकुलती एक मुलगी. जर्मनीत नोकरी लागल्यावर तिने पहिल्यांदा जे घेतले ते स्वतःसाठी नाही, आईसाठी. पार्सल आले त्या दिवशी अंजनाबाईंनी पर्स मांडीवर घेतली, तिच्यावरून पदर फिरवला, पुन्हा तिच्या पांढऱ्या खोळीत घातली आणि कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिली. चांगली होती, म्हणून. किंमत दीप्तीने सांगितली नाही आणि अंजनाबाईंनी विचारली नाही. कळली असती तर त्यांनी कपाटाबरोबर खोलीलाही कुलूप लावले असते.

त्या घराची रीतच तशी होती. नव्या वस्तूवरचे प्लास्टिक तिथे कोणी काढत नसे. फ्रिजच्या दांड्याला, टीव्हीच्या रिमोटला, स्कूटरच्या मीटरला ते आपण होऊन गळून पडेपर्यंत राही. प्लास्टिक काढले की वस्तू त्याच दिवशी जुनी होते, असे अंजनाबाईंचे मत होते, आणि झिजेचे जाणकार म्हणून आनंदरावांनाही ते मान्य होते.

बाहेर जाताना अंजनाबाईंच्या खांद्याला असायची ती एक काळी रेक्झिनची पर्स. तिची चेन तुटली होती, तिथे सेफ्टी पिन होती. पण दर रविवारी दीप्तीचा व्हिडिओ कॉल आला की प्रश्न ठरलेला असे.

"आई, बॅग वापरतेस ना?"

"हो वं. रोजच नेते."

हे रोजच नेणे अंजनाबाईंनी अखेरपर्यंत चालवले. मग त्या एका आजारपणात फार लवकर गेल्या. दीप्तीला विमान मिळाले नाही. तिने सगळे मोबाइलवर पाहिले. शेवटी फोन आनंदरावांच्या हातात आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी नव्हते तिच्याजवळ. माझी बॅग तरी होती ना? तिला दवाखान्यात नेलं तेव्हा होती ना तिच्याजवळ?"

"होती," आनंदराव म्हणाले. त्या वेळी दुसरे काही म्हणता येण्यासारखे नव्हते. दवाखान्यात त्यांनी सोबत नेली होती ती वायरची पिशवी आणि पाण्याची बाटली.

त्याला आता वर्ष होत आले होते. पहिल्या स्मृतिदिनाला दीप्ती येणार होती, आणि फोनवर तिने एवढेच सांगितले होते, "आईच्या फोटोजवळ तिची बॅग ठेवू, बाबा. ती रोज वापरायची ती."

कवडूने सगळे ऐकले. मग तो म्हणाला, "सांगून दे ना खरं."

"काय सांगू? तुही माय तुह्याशी खोटं बोलत होती, अन् ती गेल्यावर तुहा बापही बोलला? तिच्यापाशी एवढंच एक आहे धरून ठेवाले. तेही काढून घेऊ?"

कवडूने यावर बराच विचार केला. "मंग आधी पट्टा घे," तो म्हणाला.

पट्ट्यापासूनच सुरुवात झाली. आनंदराव हाताला खोबरेल चोळत आणि पर्सचा पट्टा तासन्‌तास मुठीत फिरवत. टीव्हीवर बातम्या लागलेल्या, आणि हे माळ जपल्यासारखे पट्टा फिरवत बसलेले. कोपऱ्यांना त्यांनी अंगणातल्या फरशीचा हलका हात दिला. तळ झिजावा म्हणून पर्स दर वेळी वेगळ्या ठिकाणी टेकवायची, एकदा ओट्यावर, एकदा स्कूटरच्या पायदानावर. कडी मात्र रोज संध्याकाळी मऊ फडक्याने पुसून ठेवायची. अंजनाबाईंनी तशीच ठेवली असती.

मग आत काय ठेवायचे, हा प्रश्न आला.

"तुही बायको काय ठेवते पर्समध्ये?" आनंदरावांनी विचारले.

"मले काय माहीत? हात घातला तं ओरडते."

"एवढ्या वर्षांत पाहिलं नाही कधी?"

"तू पाहिलं होतं?"

आनंदरावांनी पाहिले नव्हते. अंजनाबाईंचे कपडे त्यांनी देऊन टाकले, तेव्हा ती काळी पर्सही त्यात गेली होती. चेनला पिन होती, ती त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती. मग दोघे मेडिकलमध्ये आणि किराणा दुकानात गेले आणि अंदाजाने एक कंगवा, एक बामाची डबी, सेफ्टी पिनांचे पाकीट आणि लवंगांची पुडी आणून पर्समध्ये टाकली. रुमाल घरातच होता.

एवढे करूनही पर्स जुनी दिसेना. महागड्या कातड्याचा हाच त्रास आहे. आपली पर्स घासली तर फाटते, ही घासली तर आणखी चांगली दिसू लागली. पट्ट्याला चमक आली. कोपरे गडद झाले ते मुद्दाम केल्यासारखे. कवडू म्हणाला, आता तर दुकानदार हिच्यासाठी दोन लायनी लावेल.

"बाहेर न्यावं लागते," आनंदराव म्हणाले. "पट्टा शेडमध्ये झिजत नाही, माल वाहताना, लोडवर झिजते."

म्हणून पर्स लोडवर निघाली. सकाळी फिरायला, भाजीबाजारात, पिठाच्या गिरणीवर. कवडूसोबत एसटीने काटोललाही जाऊन आली. तिथल्या बाजारातून आनंदरावांनी तिच्यात बसतील तेवढी संत्री भरून आणली. येताना एका बाईने त्यांच्या खांद्याकडे पाहून आपल्या मुलीला पलीकडच्या बाकावर बसवले.

मनीषनगरात ही गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. पांढऱ्या मिशीचा, इस्त्रीच्या शर्टाचा, भिडस्त म्हणून ओळखला जाणारा माणूस खांद्याला लेडीज पर्स अडकवून चक्कीवर उभा आहे, हे लोक दोनदा पाहत. पण विचारले एकाच व्यक्तीने. शेजारच्या प्रयागबाईंनी.

"पर्स कोणाची होय, भाऊ?"

प्रयागबाई आणि दीप्तीचे फोनवर रोजचे बोलणे होते. प्रयागबाईंच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट जर्मनीत नाश्त्याआधी पोहोचे.

"आहे एका बाईची," ते म्हणाले.

"कोण्या बाईची?"

"ओळखीची आहे. तिची पर्स माह्यापाशी ठेवली आहे."

प्रयागबाईंनी मान हलवली, आणि पुढे एक शब्द विचारला नाही. पुढे न विचारणे हे प्रयागबाईंच्या बाबतीत वाईट लक्षण होते. जर्मनीला मात्र त्यांनी हे कळवले नाही; आई गेलेल्या पोरीला असले फोनवर सांगायचे नसते, असे त्यांचे मत होते. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका आनंदरावांशी फार सांभाळून, हळू आवाजात बोलायला लागल्या. सोसायटीचे अध्यक्ष गोपाळराव यांनी त्यांना वाटेत थांबवून सांगितले की एकटेपणा वाईट असतो आणि समाज आता पुढे गेला आहे. आनंदरावांना वाटले, ते स्मृतिदिनाबद्दलच बोलत आहेत. ते म्हणाले, "हो, रविवारी तुम्ही सगळे याच." गोपाळराव थक्क झाले. "इतक्यात?" ते म्हणाले.

खरा घात झाला तो दुसऱ्या दिवशी. कातड्याचा रंग थोडा उडावा म्हणून आनंदरावांनी पर्स कुंपणाच्या भिंतीवर उन्हात ठेवली आणि आंघोळीला गेले. नागपूरचे ऊन तेव्हा तापायला लागले होते. प्रयागबाईंना ते पाहवले नाही. परक्या बाईची वस्तू, तीही एवढी चांगली, उन्हात करपत पडलेली. त्यांनी ती उचलून आपल्या घरात नेली.

आता परत देताना पिशवी, डबा, पातेले काहीही रिकामे द्यायचे नाही, ही प्रयागबाईंच्या घरची चाल. कोणाचा डबा आला की साखर तरी घालून जाणार. त्यात ही तर येऊ घातलेल्या बाईची पर्स. पुढेमागे शेजारीण म्हणून तिच्याशीच राहायचे आहे. तिचे मन पहिल्याच दिवशी जिंकून घ्यावे, या चांगल्या हेतूने प्रयागबाईंनी आपल्या हाताची नावाजलेली वस्तू तिच्यात ठेवली. पाटवडीचा रस्सा. डबा स्टीलचा होता आणि झाकण दुसऱ्या डब्याचे होते.

"तिले सांगजा, शेजारच्या प्रयागबाईनं दिला," असे म्हणून त्यांनी पर्स आनंदरावांच्या हातात दिली. पर्स खालून गरम होती.

घरात येऊन उघडेपर्यंत उशीर झाला होता. रस्सा डब्यात थोडाच उरला होता. बाकीचा आतल्या फिकट अस्तरात गेला होता, आणि तर्री, ती लाल, दाट, वरचे तेल असलेली तर्री, शिवणीतून पाझरून पर्सच्या पोटावर हाताच्या पंजाएवढी पसरली होती. कंगवा तर्रीत तरंगत होता.

कवडूला बोलावले. त्याने दारातूनच पाहिले.

"आता वापरलेली दिसून राहिली," तो म्हणाला.

"चूप बस गा."

"नाही, खरंच. आता पटते."

कवडूने बेसन लावायला सांगितले. बेसनाने तेल ओढले पण वास भज्यांचा यायला लागला. मग आनंदरावांना आपला अनुभव आठवला. कोराडीत तेल सांडले की त्यावर राख टाकत. भांडी घासायला ठेवलेली राख घरात होतीच. त्यांनी ती डागावर पसरली आणि एक दिवस तशीच राहू दिली. तेल गेले, म्हणजे बरेचसे गेले. पण राख शिवणीच्या प्रत्येक टाक्यात जाऊन बसली ती निघेना. एके काळी जिच्यासाठी लोक दूरदेशी दुकानाबाहेर उभे राहत, ती पर्स आता तीन पाळ्या करून कोळशाच्या यार्डातून परतल्यासारखी दिसत होती.

आनंदरावांनी तिच्यावर तळवा फिरवला. काम चोख झाले होते. कंगवा धुऊन परत आत ठेवला, कडी फडक्याने पुसली, आणि मग ते बराच वेळ पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले. एवढी सुंदर वस्तू त्यांनी आयुष्यात दुसरी पाहिली नव्हती, आणि अंजनाबाईंनी ती जिवापाड जपली होती.

दीप्ती आली. बापाला मिठी मारून रडली. आईचा फोटो पाहून रडली. मग तिने पर्स पाहिली. हातात घेतली, पट्ट्यावरून अंगठा फिरवला, डागावर बोट ठेवले.

"हे काय आहे?"

"तर्री," आनंदराव म्हणाले. खोट्याच्या त्या सगळ्या कारभारात एक तरी खरा शब्द बोलता आला म्हणून त्यांना बरे वाटले.

दीप्ती डोळे पुसत हसली. "आईच," ती म्हणाली.

रविवारी अंगणात मांडव घातला होता. पांढऱ्या कपड्यांत माणसे बसली. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिले, आणि सगळ्यांनी हात जोडून ते मागोमाग म्हटले. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे शील येईपर्यंत आनंदरावांचा आवाज नीट होता. तेवढ्यापुरता त्यांना खोकला आला. शेजारी कवडूलाही आला.

मग आठवणी सांगायची वेळ झाली. दीप्ती उठली. फोटोजवळ ठेवलेली पर्स तिने हातात घेतली.

"मी आईजवळ नव्हते," ती म्हणाली. "पण ही होती. आई ही रोज वापरायची. तुम्ही सगळ्यांनी तिच्या खांद्यावर पाहिली असेल."

मांडवातले लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"माय वं," प्रयागबाई म्हणाल्या. "थे तं त्या बाईची होय ना?"

"कोणत्या बाईची, मावशी?"

प्रयागबाईंनी आनंदरावांकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. गोपाळरावांनी मात्र समजूतदारपणे स्वतःच्या पायांकडे पाहिले.

"भाऊ म्हणाले," प्रयागबाई म्हणाल्या, "ओळखीच्या बाईची आहे म्हणून."

आनंदराव उभे राहिले. "अंजनाचीच होय," ते म्हणाले. "अंजनाशिवाय कोण्या बाईले ओळखतो मी?"

गल्लीने मेहनतीने उभी केलेली बाई एका वाक्यात कोसळली. पण प्रयागबाई हिशेबाला पक्क्या. "मंग मी कशी कधी पाहिली नाही?" त्या म्हणाल्या. "मी तं रोज तिच्यासंगं बाजारात जाऊन राहिली होती. तिच्या खांद्याले तं ती काळी..."

आणि त्या थांबल्या. त्यांची नजर दीप्तीच्या चेहऱ्यावर गेली होती. दीप्तीने पर्स छातीशी धरली होती, राखेसकट.

आनंदरावांनी आयुष्यात प्रयागबाईंना वाक्य अर्धे सोडताना पाहिले नव्हते.

"हो वं," प्रयागबाई म्हणाल्या. "आठवलं. लग्नाले नेत होती ना ही. माह्या पुतणीच्या लग्नात हीच होती. मीच म्हटलं, अंजना, मस्त दिसून राहिली पर्स."

तेवढ्यावर भागले असते. पण कवडूला वाटले, एका साक्षीदाराने काम कच्चे राहते. तो उठून म्हणाला, "काटोललेही नेली होती. संत्रा आणला हिच्यातून." हे निदान अर्धे खरे होते. मग गोपाळराव उठले. गल्लीत काही महत्त्वाचे घडले आणि आपण त्यात नव्हतो, हे त्यांना चालत नसे. नाल्याचे पाणी वस्तीत शिरले तेव्हा ताईंनी ह्याच बॅगेतून घरोघरी औषधे पोहोचवली, असे त्यांनी सांगितले. बॅग डोक्यावर धरून, कमरेएवढ्या पाण्यातून. मागून एक सून म्हणाली, माझ्या बाळंतपणात काकूंनी दुपटी यातूनच आणली. कोणी म्हणाले, दीक्षाभूमीवर गर्दीत आमचा लहाना हरवला, तो ही पर्स पाहूनच काकूंकडे गेला. अर्ध्या तासात अंजनाबाईंची पर्स नागपुरात गेली नाही असे ठिकाण उरले नाही.

आनंदराव खाली मान घालून बसले. पर्स जुनी करायला त्यांनी आठवडाभर हाताची साले काढली होती. या लोकांनी बसल्या जागी तिच्यावर वीस वर्षे चढवली.

भंतेजी डोळे मिटून ऐकत होते. सगळे बोलून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"अंजनाबाईंवर तुमचं सगळ्यांचं फार प्रेम होतं," ते म्हणाले. "एवढं तर नक्की दिसलं." आणि त्यांनी पाणी मागितले.

संध्याकाळी मांडव निघाला. भांडी गेली, माणसे गेली. दीप्ती अंगणातल्या पायरीवर पर्स घेऊन बसली होती. आनंदराव शेजारी येऊन बसले.

"बाबा," ती म्हणाली, "कंगव्यात एक केस नाही."

"धुतला असेल तिनं."

"असेल." तिने पर्स फिरवून कडी त्यांच्यासमोर धरली. "आणि हे?"

आनंदरावांनी पाहिले. सोनेरी कडी होती, स्वच्छ. त्यांना काही दिसेना.

दीप्तीने कडीच्या कडेला नख घातले आणि एक पातळ, पारदर्शक पापुद्रा अलगद सोलून काढला. दुकानातले प्लास्टिक. पर्स आली त्या दिवसापासून ते तिथे होते, आणि रोज संध्याकाळी फडके फिरवताना आनंदरावांना ते खटकले नव्हते, कारण प्लास्टिक नसलेली चांगली वस्तू त्यांनी आपल्या घरात कधी पाहिलीच नव्हती.

"आपल्या फ्रिजलेही आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे. आईनं प्लास्टिक काढलं नसतं, हे मला पटतं. पण कातड्याची ही हालत झाली, बाबा, आणि याच्यावर एक ओरखडा नाही."

झिजेच्या जाणकारांनी कडीवर अंगठा फिरवला. शिकाऊ मुलानेही केली नसती अशी ती चूक होती.

"सगळे खोटं बोलले ना?"

"हो."

"पंचशील घेतल्यावर लगेच?"

"उद्या परत घेऊ," आनंदराव म्हणाले.

दीप्ती हसली नाही. तिने तो पापुद्रा बोटाभोवती गुंडाळला, उलगडला. "म्हणजे माझं काहीच नव्हतं तिच्याजवळ," ती म्हणाली.

"असं नाही वं." आनंदरावांना शब्द सापडेनात. "वापरत नव्हती, हे खरं. पण दर रविवारी, तुहा फोन यायच्या आधी, ती कपाट उघडत होती. पर्स बाहेर काढायची, मांडीवर ठेवायची, पदरानं पुसायची. मग तुह्याशी बोलायची. बोलणं झालं की मंग आत ठेवायची. फोनमध्ये तिचा चेहराच दिसायचा, म्हणून तुले दिसली नाही. पण पर्स तिच्या मांडीवर होती. दर रविवारी."

दीप्तीने त्यांच्याकडे पाहिले. "हे खरं आहे?"

"हे खरं आहे."

"कशावरून, बाबा?"

साक्षीदार कोणी नव्हता. जे साक्षीदार होते त्यांची सकाळी परीक्षा होऊन गेली होती. आणि पर्सवर काही खूण असावी, तर नुसते मांडीवर घेऊन पाहिल्याने वस्तू झिजत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत होते? असलीच काही खूण, एखादी मऊ पडलेली जागा, तर ती त्यांनी स्वतःच घासून, तापवून, राख लावून पुसून टाकली होती.

"काई नाही त्यावर," ते म्हणाले.

आकाश कोराडीच्या बाजूला करडे झाले होते. मग दीप्तीने पर्स मांडीवर ओढून घेतली, ओढणीचे टोक हाताला गुंडाळले आणि कडी पुसायला लागली. खरे वाटले म्हणून, की खरे वाटावे म्हणून, हे आनंदरावांना कळले नाही, आणि त्यांनी विचारलेही नाही.

जाताना ती पर्स घेऊन गेली. आनंदरावांसाठी तिने त्याच दुकानातली खांद्याला लावायची चामड्याची बॅग आणली होती, ती टेबलावर ठेवली. "ही रोज वापरायची, बाबा. आईसारखी नाही."

पुढच्या रविवारी फोन आला. कवडू खुर्चीवर बसून संत्रे सोलत होता.

"बाबा, बॅग वापरता ना?"

"हो वं. रोजच नेतो."

"दाखवा."

आनंदराव उठले, कपाट उघडले, अंजनाबाईंच्या साड्या असायच्या त्या आता रिकाम्या कप्प्यातून पांढरी खोळ काढली, खोळीतून बॅग काढली आणि मोबाइलपुढे धरली. दीप्तीने चेहरा स्क्रीनजवळ आणला.

"बाबा. कडीवरचं प्लास्टिक काढा."

"काढतो ना," आनंदराव म्हणाले. "चांगली आहे. राहू दे थोडे दिवस."

फोन ठेवल्यावर कवडूने संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि बॅगेकडे पाहिले.

"ही घासायले केव्हापासून घ्यायची?" त्याने विचारले.